अंथरूण कुठे टाकावे?

समजा डिसेंबर महिन्यातली संध्याकाळ आहे. तुम्ही आठ-दहाजण पाठीवर पिशव्या टाकून सह्याद्रीतल्या एका जलाशयाच्या काठी येऊन पोहोचला आहात. येथे धर्मशाळा नाही, डाक-बंगला नाही, विजेचा दिवा नाही. जमीन सरकारी, म्हणजे सर्वांचीच. मुक्कामाला भाडे नाही आणि सोयही कसलीच नाही. रात्र उघड्यावर काढायची आहे. आभाळ निरभ्र आहे, वारा पडला आहे. अंथरूण टाकण्यासाठी चार जागा दिसतात.

पहिली जागा अगदी पाण्याकाठची. डोंगरांच्या कुशीतला सपाट, हिरवळीचा तुकडा. पाणी हाताशी आणि वाऱ्यापासून आडोसा. दुसरी जागा कातळाची. हा काळा खडक दिवसभर उन्हात तापला असून अजूनही हाताला कोमट लागतो आहे. तिसरी जागा उतारावर पंचवीस-तीस मीटर चढून गेल्यावर लागणारी लहानशी माची. तिथे झाडी आहे, पण पाण्यासाठी खाली-वर करावे लागेल. चौथी जागा टेकडीचा माथा. चारी बाजू मोकळ्या आणि देखावा अप्रतिम!

यांतली कोणती जागा निवडाल? उत्तर मनाशी ठरवा आणि हवे तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. लेखाच्या शेवटी आपण ते तपासून पाहू. पदार्थविज्ञान शिकवणारा मी स्वतः एकदा या प्रश्नाचे उत्तर चुकलो आहे आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थ्याला मोजावी लागणार होती. ती हकीकत आधी सांगतो.

आमची फजिती

काही वर्षांपूर्वी मी अकरावीच्या बारा मुलांना घेऊन अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला गेलो होतो. हेतू आकाशदर्शनाचा. अमावास्या जवळची होती. वनखात्याच्या नाक्यावर नावे नोंदवली, जवळच्या वाडीत चौकशी केली आणि पाण्याकाठची हिरवळ पसंत केली. म्हणजे वर सांगितलेली पहिली जागा!

आम्ही सतरंज्या पसरत असताना वाडीतले एक आजोबा गुरे घेऊन घरी परतत होते. ते थांबून म्हणाले, “गुरुजी, पान्याकडंला नका निजू. रातच्याला सारी थंडी खाली उतरती. वर आमच्या खळ्यात या, पेंढा टाकून देतो.”

मी हसून त्यांचे आभार मानले. ते गेल्यावर मुलांना म्हणालो, “थंडी ही काही वस्तू नव्हे की जी खाली उतरावी. उष्णतेचा अभाव म्हणजे थंडी. शिवाय पाण्याची उष्माधारकता मोठी असते. ते सावकाश थंड होते, म्हणून काठ उबदारच राहणार.” मुलांनी माना डोलावल्या.

मध्यरात्रीपर्यंत मृग आणि कृत्तिका पाहून आम्ही आडवे झालो. पहाटे साडेतीनच्या सुमारास एका मुलाने मला हलवून जागे केले. त्याच्या शेजारी झोपलेला मुलगा थडथड कापत होता. त्याचे पांघरूण दवाने ओले झाले होते. मी नाव विचारले तर त्याची जीभ अडखळत होती. स्वेटरची बटणे त्याला लावता येईनात. सगळ्यांची पांघरुणे ओली, हिरवळ ओली आणि आमच्याभोवती कमरेइतके धुके. मी तापमापी पाहिली. ६ अंश सेल्सिअस!

आम्ही त्याला धरून वर आजोबांच्या घरी नेले. पाच मिनिटांची वाट. त्यांनी काही न विचारता चूल पेटवली. मुलाचे ओले कपडे काढून त्याला कोरडे कपडे आणि घोंगडी दिली, पेंढ्यावर बसवून गरम गोड चहा पाजला. अर्ध्या-पाऊण तासात तो नीट बोलू लागला. मग मला सुचले म्हणून मी तापमापी अंगणाबाहेरच्या झाडाखाली टांगली. तिथे पारा ११ अंशांवर थांबला. पाण्यापासून उंचीचा फरक जेमतेम पंचवीस मीटर आणि तापमानाचा फरक पाच अंश!

आजोबांचे म्हणणे खरे होते. सारी थंडी खरोखरच खाली उतरली होती. हे कसे घडते ते आता पाहू.

आकाश हे थंड छत

उष्णता तीन प्रकारांनी जाते हे तुम्ही शिकला आहात. वहन, अभिसरण आणि प्रारण. पहिल्या दोघांना मध्ये पदार्थ लागतो. प्रारणाला काहीच लागत नाही. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती प्रारणानेच. पण प्रारण करण्यासाठी सूर्यासारखे तप्त असावे लागत नाही. गवत, दगड, तुमची घोंगडी, तुमचे नाक, प्रत्येक वस्तू अहोरात्र प्रारण करीत असते. केवळ ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते अवरक्त असते.

ते किती असते? स्टीफन आणि बोल्ट्झमन यांच्या नियमानुसार प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. जमीन १० अंश सेल्सिअसला, म्हणजे २८३ केल्विनला असेल, तर तिचा एक चौरस मीटर भाग सेकंदाला सुमारे ३६० जूल, म्हणजेच ३६० वॉट या दराने उष्णता बाहेर टाकतो. मग ती गोठून का जात नाही? कारण वरून वातावरणही तिच्याकडे प्रारण पाठवीत असते. हवेतली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि ढग हे काम करतात. ढगाळ रात्री जमिनीला तिची जवळजवळ सगळी उष्णता परत मिळते. पण हिवाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री साधारण २७० वॉटच परत येतात. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे ९० वॉटांच्या आसपास तूट!

हा आकडा लहान समजू नका. झोपलेल्या माणसाचे शरीर सुमारे ८० वॉट उष्णता निर्माण करते. म्हणजे उघड्या माळाचा एक चौरस मीटर तुकडा एका माणसाच्या शरीराएवढी उष्णता रात्रभर आकाशाला देत असतो. ज्या स्वच्छ आकाशासाठी आम्ही इतक्या दूर गेलो होतो, तेच आकाश आम्हाला थंड करीत होते.

यावरून एक साधी कसोटी मिळते. अंथरुणावर उताणे पडून वर पाहावे. जितके जास्त आकाश दिसेल, तितकी जास्त उष्णता जाणार. वर झाडाचा पर्णसंभार असेल तर पाने हवेच्याच तापमानाची असतात. ती तुमच्या प्रारणाची बरीचशी परतफेड करतात. झाडाखाली टांगलेली माझी तापमापी आणि सकाळी तिथल्या मुलांना सापडलेली कोरडी जमीन यांचे एक कारण हेच.

येथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, “सर, रात्री झाडे कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग झाडाखाली झोपावे का?” झाडे रात्री श्वसन करतात हे खरे, पण मोकळ्या हवेत तो वायू इतका विरळ होतो की त्याचा त्रास संभवत नाही. तुमच्या शेजारी झोपलेला मित्रही तोच वायू सोडत असतो, आणि त्याला आपण घाबरत नाही! झाड निवडताना वाळलेल्या फांद्या डोक्यावर नाहीत ना, एवढे मात्र जरूर पाहावे.

लोकरीचे पुंजके आणि मातीची परळे

आकाश वस्तूंना थंड करते ही गोष्ट नीट उलगडली ती दवाच्या अभ्यासातून. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टराने १८१४ साली दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याची साधने म्हणजे तापमापी, तराजू आणि लोकर. त्याने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके घेतले. एक पुंजका चार खुंट्यांवर ठेवलेल्या फळीच्या वर आणि दुसरा त्याच फळीच्या खालच्या बाजूला लावला. सकाळी वजन केले तेव्हा फळीवरच्या पुंजक्याने खालच्यापेक्षा कितीतरी अधिक दव टिपले होते. दोघांभोवतीची हवा एकच. फरक इतकाच की एकाला आकाश दिसत होते आणि दुसऱ्याला नव्हते.

वेल्सने प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटई घालतात हे पाहून पूर्वी त्याला ते निरर्थक वाटे. एवढीशी चटई थंडी कशी अडवणार? प्रयोगांनंतर त्याला कळले की चटई थंड हवा अडवीतच नाही. ती रोप आणि आकाश यांच्यामध्ये येते. माळ्याचे बरोबर होते, डॉक्टरांचे चुकले होते. आजोबांच्या अंगणात उभे असताना मला हा वेल्स आठवला नसता तरच नवल.

आपल्या देशात तर या तत्त्वाचा उपयोग त्याहून आधीपासून होत होता. विजेची यंत्रे नव्हती त्या काळात उत्तर भारतात, जिथे पाणी आपोआप गोठत नाही अशा सपाट प्रदेशात, बर्फ तयार करीत! रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ही पद्धत अलाहाबाद, म्हणजे आजच्या प्रयागराज भागात पाहिली, आणि तिचे वर्णन १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणीत. त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा जाड थर पसरीत आणि त्यावर मातीची उथळ परळे पाणी भरून ठेवीत. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पहाटेपर्यंत परळांत बर्फ धरे, आणि तेही भोवतालच्या हवेचे तापमान शून्याच्या वर असताना. परळांतले पाणी आकाशाला उष्णता देत होते, आणि खालची ताटे जमिनीची ऊब वर येऊ देत नव्हती. सच्छिद्र मातीतून होणाऱ्या बाष्पीभवनाचाही थोडा हातभार लागे.

आता तुमच्या लक्षात येईल की उघड्या हिरवळीवर झोपलेला माणूस म्हणजे या परळासारखाच. निसर्गाने बर्फ करण्यासाठी मांडलेल्या जागी आम्ही झोपलो होतो.

थंड हवा वाहते

पण आकाश तर माचीवरही होते. मग खालचा काठच अधिक थंड का?

जमीन आकाशाला उष्णता देऊन थंड होते आणि तिला टेकलेली हवा त्यामुळे थंड होते. थंड हवा जड असते. १० अंशांच्या हवेपेक्षा ५ अंशांची हवा जवळजवळ दोन टक्क्यांनी जड भरते. एका घनमीटरमागे हा फरक वीसेक ग्रॅमचा. एवढ्याशा वजनाने काय होणार? सपाट मैदानात फारसे काही होत नाही. पण उतारावर ही जड हवा पाण्यासारखी घरंगळू लागते. डोंगराच्या प्रत्येक सोंडेवरून, प्रत्येक घळीतून ती संथपणे खाली सरकते आणि खळग्यात साठते. जणू थंड हवेचे तळेच! दऱ्यांमधले पहाटेचे धुके वरून पाहिले तर हे तळे अगदी डोळ्यांनी दिसते, सपाट पृष्ठभागासह.

एरवी आपण शिकतो की उंचावर जावे तसे तापमान कमी होते, १०० मीटरला साधारण ०.६५ अंश या प्रमाणात. निरभ्र, शांत रात्री दरीच्या तळाशी हा नियम उलटा होतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. तळ सर्वांत थंड, त्याच्या वरचा उतार उबदार, आणि आणखी वर गेल्यावर पुन्हा नेहमीसारखी घट. मधल्या उबदार पट्ट्याचा उपयोग शेतकरी फार पूर्वीपासून करीत आले आहेत. थंड देशांत फळबागा आणि द्राक्षमळे दरीच्या तळाऐवजी उतारावर लावण्याची चाल आहे, ती याचमुळे.

महाराष्ट्रातले याचे उदाहरण तुम्ही दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले, ही ती बातमी! नौकाविहाराच्या धक्क्याच्या फळ्यांवर, मोटारींच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. त्याच पहाटे गावातल्या वेधशाळेचा पारा मात्र शून्याच्या बराच वर असतो. लोकांना वाटते, बातमी तरी खोटी किंवा तापमापी तरी बिघडलेली. दोन्ही खरी आहेत. वेण्णा तलाव गावापेक्षा सखल जागी आहे, तिथे थंड हवा साचते. शिवाय वेधशाळेची तापमापी जमिनीपासून वर, झरोक्यांच्या पेटीत असते. ती हवेचे तापमान सांगते. फळी आणि पान आकाशाखाली उघडे असल्याने हवेहूनही थंड होतात.

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या डोंगरांत पीटर सिंक्स नावाचा एक मोठा खळगा आहे. त्याला चारी बाजूंनी कड आहे आणि थंड हवेला बाहेर पडायला वाट नाही. १ फेब्रुवारी १९८५ रोजी तिथे पारा शून्याखाली ५६ अंशांवर गेला होता. त्या खळग्याच्या तळाशी झाडे उगवत नाहीत, ती वरच्या उतारावर आहेत. डोंगराच्या माथ्यावर झाडे संपतात हे आपल्याला ठाऊक असते. तिथे ती खाली उतरताना संपतात!

राहता राहिला माझा पाण्याच्या उष्माधारकतेचा मुद्दा. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. जलाशयाचे पाणी रात्री खरोखरच काठापेक्षा उबदार असते. त्याच्यावरची हवाही थोडी ऊबदार असते. पण ऊबदार हवा हलकी. ती वर जाते आणि तिची जागा घ्यायला काठावरची थंड हवा पाण्याकडे सरकते. समुद्रकिनाऱ्यावर रात्री जमिनीकडून पाण्याकडे वाहणारे मतलई वारे तुम्ही भूगोलात शिकला आहात, तोच हा प्रकार लहान प्रमाणात. म्हणजे पाण्याची ऊब काठावर झोपलेल्याकडे येतच नाही. उलट डोंगरावरून निघालेली थंड हवा त्याच्या अंगावरून पाण्याकडे जाते. वर पाण्याच्या सान्निध्यामुळे हवा दमट असते, म्हणून दव अधिक पडते आणि धुके लवकर धरते. पाणी मोठे आणि विस्तीर्ण असेल तर त्याचा प्रभाव काठापर्यंत पोहोचतो. डोंगरांच्या खोबणीतल्या जलाशयाकाठी नाही.

पाठीखालची चोरी

आतापर्यंत आपण वरच्या बाजूचा विचार केला. तितकीच उष्णता खालच्या बाजूने जाते, आणि ती जाते वहनाने. पांघरुणे तीन आणि अंथरूण एक, अशी आपली सवय. उघड्यावर ती उलटी करावी.

पेंढ्याची किमया पाहा. पेंढ्यात अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. अंगाखाली दाबून पाच सेंटीमीटर उरलेला पेंढ्याचा थर घेतला आणि शरीर व जमीन यांच्यात २० अंशांचा फरक धरला, तर त्यातून जेमतेम १२ वॉट जातात. आमच्या सतरंजीची जाडी तीन मिलिमीटर! जाडी सतरापट कमी, तर वहन त्याच प्रमाणात वाढू पाहते. अंगाखालची जमीन थोडी तापते म्हणून प्रत्यक्षात इतके जात नाही, तरी ८० वॉटांच्या आपल्या मिळकतीतला मोठा वाटा जमीन घेऊन जाते.

कातळाची गोष्ट फसवी आहे. संध्याकाळी तो कोमट लागतो, कारण दिवसाची उष्णता त्यात साठलेली असते. पण बेसाल्ट कोरड्या मातीपेक्षा कितीतरी चांगला वाहक आहे. मध्यरात्रीपर्यंत वरचा थर आकाशाला उष्णता देऊन मोकळा होतो. मग तो तुमच्याकडून घेऊ लागतो आणि खोलवर पोहोचवीत राहतो. कातळावर झोपायचेच झाले तर खाली वाळके गवत किंवा पेंढा भरपूर हवा.

ओल्या कपड्यांचा धोका

कोरडे कपडे ऊब देतात ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. कपडा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक चांगले वाहक आहे. त्यात भर म्हणजे बाष्पीभवन. अंगाच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. पांघरुणात आणि कपड्यांत पाव लिटर दव मुरले असेल, तर ते अंगाच्या उष्णतेने वाळवण्यास १४५ किलोकॅलरी खर्च होतील. झोपलेल्या शरीराची ही दोन तासांची सगळी मिळकत! धनगरांची घोंगडी येथे उपयोगी पडते. लोकर बरीच ओल शोषूनही चटकन गार पडत नाही.

शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. ते ३५ च्या खाली गेले की प्रकृतीला धोका सुरू होतो. यासाठी बर्फच हवा असे नाही. सहा-आठ अंश, ओले कपडे आणि रिकामे पोट एवढे पुरते. खूण ओळखून ठेवा. प्रथम माणूस कापतो. कापणे म्हणजे स्नायूंनी उष्णता निर्माण करण्याचा प्रयत्नच. मग जीभ अडखळते, बोटांनी बटण लागत नाही, वागणे गोंधळल्यासारखे होते. कापणे आपोआप थांबले आणि माणूस सुस्त झाला, तर तो बरा झाला असे मुळीच समजू नये. ती जास्त गंभीर अवस्था असते.

अशा वेळी त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, जमिनीपासून अलग करावे, पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे आणि डॉक्टरकडे पोहोचवण्याची तजवीज करावी. हातपाय जोराने चोळू नयेत. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून क्षणभर गरम वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जाते.

आमच्या मुलाच्या बाबतीत जीभ अडखळण्यापर्यंत मजल गेली होती. शेजारचा मित्र जागा झाला नसता तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

पाण्यापासून साठ मीटर

अमेरिकेत राष्ट्रीय वनांच्या फार मोठ्या क्षेत्रात भाडे न देता, कसलीही सोय नसलेल्या जागी मुक्काम करता येतो. तिथे साधारणपणे एका जागी १४ दिवसांहून अधिक राहू देत नाहीत, आणि तळी व ओढे यांपासून सुमारे २०० फूट, म्हणजे ६० मीटर, दूर राहण्यास सांगतात. या अंतरामागे थंडीपेक्षा वेगळी कारणे आहेत. तीही शास्त्रीयच. रात्री वन्यप्राणी पाण्यावर येतात. माणसे काठ अडवून बसली तर ते तहानलेले परत जातात. काठावरचे गवत आणि माती नाजूक असतात. शिवाय सांडपाणी आणि मलमूत्र मातीतून झिरपत जाताना गाळले जाते व जंतूंकडून त्याचे विघटन होते. त्यासाठी मधे पुरेशी माती हवी. म्हणूनच शौचासाठी पाण्यापासून दूर १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा खणून तो बुजवावा असे सांगतात. मातीतले उपयुक्त जंतू वरच्या थरातच जास्त असतात.

आपल्याकडे सार्वजनिक जमीन म्हणजे कुणीही कुठेही राहावे असे नाही. अभयारण्ये, संरक्षित किल्ले आणि लेणी येथे रात्रीच्या मुक्कामाला बंदी किंवा परवानगीची अट असते. वनखात्याला आणि गावाला आधी विचारावे. डिसेंबरनंतर डोंगरावरचे गवत वाळलेले असते, एका ठिणगीने वणवा पेटतो. म्हणून जाळ करूच नये हे उत्तम. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात कधीही झोपू नये, कारण पाणी केव्हा सोडतील याचा नेम नसतो. आणि वळवाच्या दिवसांत विजांची शक्यता असेल तर डोंगरमाथा आणि एकटे झाड ही दोन्ही वर्ज्य.

करून पाहा

हे सगळे पडताळून पाहण्यासाठी डोंगरावर जाण्याची गरज नाही. हिवाळ्यातली निरभ्र, वारा नसलेली रात्र निवडा. शाळेच्या प्रयोगशाळेतून तराजू मागून घ्या. कापसाचे सारख्या वजनाचे तीन पुंजके करा. एक मैदानावर उघड्या पाटावर ठेवा, दुसरा तसाच पाट घेऊन वर छत्री उघडून तिच्याखाली ठेवा, तिसरा झाडाखाली ठेवा. सूर्योदयापूर्वी तिन्हींचे वजन करून वाढ लिहून ठेवा. मग हाच प्रयोग ढगाळ रात्री करा. शक्य असल्यास दोन तापमाप्या घेऊन एक गवतावर आणि दुसरी दीड मीटर उंचीवर टांगा.

गाव डोंगरउताराशी असेल तर आणखी एक गंमत पाहा. वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, गवत नसलेल्या जागी रात्री नऊनंतर उदबत्ती धरा. धूर कोणत्या दिशेला जातो? सकाळी दहा वाजता त्याच जागी पुन्हा पाहा. दिशा उलटी झाली असेल, तर थंडी उतरते म्हणजे काय ते तुम्हाला कुणी सांगायला नको.

आता वहीच्या कोपऱ्यातले उत्तर काढा. पाण्याकाठची हिरवळ थंड हवेच्या तळ्यात बुडते आणि दवाने भिजते. कातळ मध्यरात्रीनंतर दगा देतो. माथ्यावर सगळे आकाश डोक्यावर असते आणि वारा सुटला तर शरीराभोवतीचा उबदार हवेचा थर टिकत नाही. राहता राहिली माची. खालच्या तळ्यापेक्षा उंच, वाऱ्यापेक्षा खाली, डोक्यावर पाने आणि पाठीखाली पेंढा.

त्यानंतर मी मुलांना घेऊन दोनदा त्याच वाडीत मुक्काम केला, दोन्ही वेळा आजोबांच्या खळ्यात. दुसऱ्या खेपेस मुलांनी काठापासून माचीपर्यंत पाच ठिकाणी तापमाप्या टांगल्या होत्या. सकाळी आकड्यांचा आलेख काढून त्यांनी तो आजोबांना दाखवला. आजोबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “ह्ये आन्‌ मी काय सांगितलं व्हतं?”

मुले माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, “तेच!”